हाकेच्या अंतरावर

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितासंग्रहांची समीक्षा होते, कादंबऱ्यांची होते, समीक्षेच्या पुस्तकांचीही होते. आणि हे सगळं वाचून दमलेल्या माणसांसाठी मग परिसंवाद भरवले जातात. पण ज्या वाङ्मयप्रकारावर विश्वास ठेवून मध्यमवर्गीय माणूस दरवर्षी रोख पैसे मोजतो, बायकोमुलांसकट घराबाहेर पडतो आणि परत येईपर्यंत दुधाचा रतीब बंद ठेवतो, त्या प्रकाराकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकूनही पाहिलेलं नाही. हा प्रकार म्हणजे हॉटेलचं माहितीपत्रक.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वीसेक वर्षं बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. वाङ्मयाशी माझा संबंध कर्जाच्या अर्जांपुरता. पण ज्याने वीस वर्षं कर्जाचे अर्ज वाचले, त्याला कल्पनाविलास म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'उत्पन्नाचे अन्य मार्ग' या रकान्यात लोकांनी जी प्रतिभा दाखवलेली मी पाहिली आहे, तिच्यापुढे भले भले कथालेखक फिके पडतील. तेवढ्या अधिकारावर हे रसग्रहण करतो आहे.

प्रस्तुत पत्रक जव्हारमधल्या एका हॉटेलचं आहे. हॉटेलचं नाव सांगत नाही. एक तर त्याची फुकट जाहिरात होईल, आणि दुसरं म्हणजे हे पत्रक एकट्या त्या हॉटेलचं नाहीच. नाव बदललं, राजवाडा बदलला, धबधब्याच्या जागी तलाव घातला, की तेच पत्रक उदयपूरला चालतं, म्हैसूरला चालतं. लोकवाङ्मयाला कुठे एक कर्ता असतो?

पत्रकाचं पहिलंच वाक्य असं आहे : 'ऐतिहासिक राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, निसर्गाच्या कुशीत.' आता हाक हे अंतर मोजायचं माप आहे हे मान्य. पण हाक कोणी मारायची हे पत्रकात दिलेलं नाही. आमच्या सौ.नी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून मुलाला मारलेली हाक धरली, तर गोष्ट वेगळी. तिला नाक्यावरचा रिक्षावालाही 'आलो' म्हणायचा. माझ्यासारख्या, साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहून 'येऊ का?' विचारणाऱ्या माणसाची हाक धरली, तर राजवाडा हॉटेलच्या स्वागतकक्षातच बांधायला हवा होता. प्रत्यक्षात तो चालत पस्तीस मिनिटांवर निघाला, आणि त्यातली वीस मिनिटं चढाची. मॅनेजरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "सर, गाडीने पाचच मिनिटं." म्हणजे हाकसुद्धा गाडीत बसून मारायची.

पण मला त्याचा राग आला नाही. कारण जमीन ताणण्याची परंपरा या गावात फार जुनी आहे. जव्हारच्या मुकणे घराण्याचा मूळपुरुष जयबा. त्याची आख्यायिका ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या इंग्रजी गॅझेटियरातही नोंदलेली आहे. जयबाने इथल्या जुन्या सत्ताधीशाकडे मागणी केली ती अगदी साधी : एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा द्या. समोरच्याने मनात कातडं पसरून पाहिलं असणार, फार तर एक बाजलं बसेल, म्हणून 'घे' म्हणाला. मग जयबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सगळा मुलूख वेढून टाकला. हीच गोष्ट समुद्रापार कार्थेजच्या राणी डिडोबद्दलही सांगतात. म्हणजे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना एकच गोष्ट सुचली होती : करार करताना मोठ्या अक्षरात बैल लिहावा आणि बारीक अक्षरात वाद्या. आमच्या बँकिंग व्यवसायाचा पाया तिथेच घातला गेला असं माझं मत आहे. आणि 'हाकेचं अंतर' हे त्याच कातड्याचं अगदी अलीकडचं कापकाम.

पत्रकाचं दुसरं वाक्य म्हणजे उपमा. 'पालघर जिल्ह्याचं महाबळेश्वर.' २०१४ सालच्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हीच उपमा ठाणे जिल्ह्याच्या नावावर होती. जिल्हा बदलला, खातं वर्ग झालं, शिल्लक तीच. आता हिशेब मांडू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फुटांवर, जव्हार सुमारे १,५०० फुटांवर. म्हणजे महाबळेश्वरच्या परीक्षेत जव्हारला १०० पैकी ३३ गुण पडतात. पास व्हायला ३५ लागतात. दोन गुण कृपेचे देऊन विद्यार्थ्याला वर ढकलायचं, पण त्यापेक्षा त्याला त्या परीक्षेलाच का बसवावं? महाबळेश्वरातला हॉटेलवाला कधी 'सातारा जिल्ह्याचं जव्हार' असं छापत नाही. ज्या गावाला पावसाळ्यात शंभर इंचांवर पाऊस भेटायला येतो, ज्याच्या माळावर साग आणि काजू उभे आहेत, त्याने दुसऱ्याच्या नावाचा ओव्हरड्राफ्ट का काढावा हे मला कळलेलं नाही.

तिसरं वाक्य : 'राजेशाही थाटात राहण्याचा अनुभव.' या वाक्याचं स्पष्टीकरण हॉटेलच्या दारातच उभं होतं. पीओपीचा, माणसाएवढा, लाल फेट्याचा, वळलेल्या मिशांचा पुतळा. शेजारी भिंतीवर उंटाचं चित्र. जव्हारच्या घाटात उंट! तो बिचारा त्रंबकेश्वरच्या बाजूने आला असेल तर मोखाड्यापर्यंतच त्याचे गुडघे गेले असतील. आमच्या मुलाने विचारलं, "बाबा, इथले राजे राजस्थानातून आले होते?" पत्रकात उत्तर नव्हतं, म्हणून मीच दिलं. तेही तपशिलात देतो, कारण या पत्रकाचा सगळ्यात मोठा वाङ्मयीन दोष इथे आहे.

जव्हारचे राजे याच डोंगरातले. मुकणे घराणं महादेव कोळी समाजाचं. दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे महंमद तुघलकाने, १३४३ साली निमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि तिथून १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत, मध्ये कितीही चढउतार आले तरी, गादी याच घराण्याकडे राहिली. सहाशे वर्षं! आमच्या शाखेत एक मॅनेजर तीन वर्षं टिकत नाही. शिवाजी महाराज सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघाले तेव्हा वाटेत जव्हारजवळ त्यांची आणि राजा विक्रमशहांची भेट झाली; विक्रमशहांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवला, म्हणून त्या जागेला शिरपामाळ म्हणतात, असं गावात आजही अभिमानाने सांगतात. एवढा घरचा ऐवज लॉकरमध्ये असताना हॉटेलवाल्याने उंट भाड्याने आणावा?

याचं मूळ बहुधा राजस्थानातच आहे. जयपूरच्या रामबाग राजवाड्याचं १९५७ साली हॉटेल झालं, उदयपूरच्या तलावातल्या राजवाड्याचं १९६३ साली. पुढे १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि मग पुष्कळ राजवाड्यांना गिऱ्हाईक शोधणं भाग पडलं. तेव्हापासून 'राजा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फेटा, मिशी आणि उंट उभा राहतो. जव्हारचा जयविलास मात्र हॉटेल झाला नाही. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला हा दगडी वाडा टेकडीवर झाडीत उभा आहे, आणि ज्यांना आत राहायला मिळत नाही ते माझ्यासारखे 'हाकेच्या अंतरावर' राहतात.

या राजवाड्याबद्दलची खरी समीक्षा हॉटेलच्या अभिप्राय-वहीत वाचायला मिळते. अभिप्राय-वही म्हणजे माहितीपत्रकाचा उत्तरार्ध. एकात कवी बोलतो, दुसऱ्यात श्रोता. बहुतेकांनी लिहिलं होतं की राजवाडा लहान आहे. एकाने तर 'अपेक्षेपेक्षा बराच लहान' असं लिहून खाली रेघ मारली होती. आता लिहिणारे कोण? मुंबईत पाचशे चौरस फुटांत सहाजण राहणारे आपण. आपल्याकडे पाहुणा आला तर एकाला गॅलरीत झोपावं लागतं. पण जव्हारला आलो की आपल्याला राजवाडा तोकडा होतो! संस्थान होतं सुमारे ३१० चौरस मैलांचं, त्यातलं बरंचसं डोंगर आणि जंगल. या उत्पन्नात बसेल तेवढाच वाडा त्यांनी बांधला. कर्जमंजुरीच्या टेबलावर बसणारा माणूस म्हणून सांगतो, मला त्या वाड्यात हीच गोष्ट सगळ्यात राजेशाही वाटली.

आता अंतर्गत सजावटीकडे वळू. पत्रकात 'वारली कलेने नटलेल्या खोल्या' असं म्हटलं आहे, आणि हे विधान खोटं नाही. आमच्या पलंगाच्या डोक्याशी भिंतभर तारपानृत्य होतं. वारली चित्रातला तो सुप्रसिद्ध फेर : मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती कमरेत हात घातलेल्या माणसांची साखळी. तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणाऱ्यांनी पाठ करायची नसते, असा तिथला संकेत. आमच्या खोलीत मात्र नेमका जिथे तारपावाला असायचा तिथे विजेचा स्विचबोर्ड आला होता. त्यामुळे ती साठ-सत्तर माणसं अतिशय श्रद्धेने पंख्याच्या रेग्युलेटरभोवती नाचत होती.

हसू आलं, पण पुरतं आलं नाही. हीच चित्रं लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. लग्नाचा चौक लिहिला नाही तर लग्न लागत नाही. शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी ती भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. इतका लांबचा प्रवास करून आलेल्या त्या फेराला मुक्कामाच्या गावीच तारपा मिळू नये, याला काय म्हणावं?

भोजनाबाबत पत्रक म्हणतं, 'घरगुती चवीचं जेवण.' मेनूकार्डात एकशेवीस पदार्थ होते. त्यांत पनीरचे बावीस प्रकार, नूडल्सचे नऊ, आणि एक 'जैन मंच्युरियन'. नागलीची भाकरी नव्हती. सौ.नी विचारलं, "भाऊ, इथे नागलीची भाकरी मिळेल का?" वाढणारा मुलगा विशीतला, मोखाड्याकडचा. तो आधी गोंधळला, मग हसला. म्हणाला, "हाय ताई, पण माझ्या डब्यात." म्हणजे जेवण घरगुती होतं हे खरं, फक्त ते नोकरांच्या बाकावर होतं.

धबधब्याचा फोटो पत्रकाच्या मधल्या पानावर आहे. दाभोसा धबधबा, लेंडी नदीवरचा, सुमारे ३०० फूट उंचीचा. फोटोत असा कोसळतो की पत्रक उघडताना अंगावर पाणी उडेलसं वाटतं. आम्ही गेलो होतो एप्रिलमध्ये. बँकवाल्याचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि रजा त्यानंतरच मंजूर होते, त्यामुळे आमच्या नशिबी सगळे धबधबे एप्रिलमधले. फोटो ऑगस्टचा, भाडं एप्रिलचं. त्या मुलाने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "साहेब, आता धार बारीक. पावसात या." एवढं एक वाक्य छापायला अर्धी ओळ पुरली असती.

'चोवीस तास गरम पाणी' हे वाक्य मात्र शब्दशः खरं निघालं. टाकी गच्चीवर उघड्या उन्हात होती. गार पाणी चोवीस तासांत कधीच आलं नाही. न्हाणीघरात मात्र एक छोटी पाटी होती : 'पाणी जपून वापरा. टँकरचे आहे.' सगळ्या हॉटेलात मला आवडलेलं एवढं एकच लिखाण. विशेषण नाही, उपमा नाही, आणि मजकूर पडताळून पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोखाड्याच्या रस्त्याने देवबांधच्या गणपतीला निघालो, तेव्हा तो मजकूर पडताळला. उन्हाने पांढऱ्या झालेल्या चढावरून बायका एकावर एक हंडे घेऊन येत होत्या. पोरीही होत्या, शाळेच्या वयाच्या. ड्रायव्हर मंडळींना ते रोजचंच. तो म्हणाला, "इथे पाऊस पडतो तुमच्यापेक्षा जास्त, साहेब. पण डोंगर काय त्याला धरून ठेवत नाही." डोंगर धरत नाही हे बरोबर, पण त्याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. उंची १०२ मीटर, २०१४ पासून सेवेत. ते मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देतं. आम्ही राहतो मुलुंडला. पहाटे आमच्या सोसायटीत पाणी येतं तेव्हा नळ कोणाच्या आवारातून भरून येतो, हे आमच्या पाण्याच्या बिलावर छापलेलं नसतं. सौ. गाडीत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी हॉटेलात आल्यावर मुलाची आंघोळ त्यांनी एका बादलीत उरकली, आणि त्याने कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "पाटी वाच."

पत्रकात 'जव्हारचा इतिहास' या मथळ्याखाली अर्धं पान आहे. १३४३ पासून सुरू होतो, १९४८ ला येतो, आणि पुढचंच वाक्य 'आज येथे वातानुकूलित खोल्या उपलब्ध आहेत' असं आहे. मधली वर्षं कोरी. त्या कोऱ्या जागेत १९९२-९३ साल येतं, जव्हार तालुक्यातली वावर-वांगणी येते. तिथली लहान मुलं कुपोषणाने गेली, तेव्हा महाराष्ट्राला हा तालुका माहीत झाला. त्याच जागेत दिवाळीनंतर कुलपं लागणारी घरं येतात, कारण शेतातलं भात संपलं की माणसं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. हे हॉटेलच्या पत्रकात छापा असं मी म्हणत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला नाश्त्याबरोबर हे वाढू नये, हे मलाही कळतं. पण आमच्या धंद्यात ताळेबंदाची देण्यांची बाजू कोरी ठेवून येण्यांची बाजू रंगीत छापली, तर ऑडिटर फोटो सुंदर आहेत असं म्हणून सही करत नाही. तो विचारतो, दुसरी बाजू कुठे आहे?

निघायच्या आदल्या रात्री तो मोखाड्याचा मुलगा चहा घेऊन आला आणि उभाच राहिला. मला वाटलं, बक्षिसीचं काही असेल. तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडे बोहाडा हाय. या की." बोहाडा म्हणजे तिकडचा मुखवट्यांचा उत्सव, होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव होतो, रात्रभर देवदैत्यांची सोंगं नाचतात. त्यांच्या घराकडे भीमाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. यंदा नाचायची पाळी त्याची. कामाला बाहेर गेलेली माणसंही तेवढ्यासाठी परत येतात म्हणे. "कुठे उतरायचं?" सौ.नी विचारलं. "आमच्या घरी," तो म्हणाला, जणू दुसरीकडे कुठे उतरता येतं हे त्याला माहीतच नव्हतं. मग पुन्हा ट्रे उचलून तो निघून गेला. भीमाला दहा रुपये कसे द्यायचे, या विवंचनेत मी खिशातला हात खिशातच ठेवला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की सबंध पत्रकात 'हाकेचं अंतर' चार वेळा आलं आहे, पण प्रत्यक्ष हाक अशी कुणी मारलेलीच नाही. राजवाडा किती दूर, धबधबा किती दूर, शिर्डी किती दूर (तीही 'सोयीच्या अंतरावर' आहे), सगळं दिलेलं. 'या' असं म्हणणारा माणूस मात्र त्यात नाही. तो चहा देत होता.

असो. समीक्षेच्या प्रथेप्रमाणे शेवटी गुणदोष एकत्र नोंदवतो. पत्रकाची छपाई सुबक आहे. मुखपृष्ठ आकर्षक, पण आतल्या मजकुराशी त्याचा संबंध नाही. मुद्रणदोष फारसे नाहीत. 'निवांत'चं 'निवात' झालं आहे, पण विजेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पंखा बंद असे. किंमत : विनामूल्य, मात्र वाचून पुरतं समजेपर्यंत दोन रात्रींचं भाडं पडतं.

पुढच्या आवृत्तीसाठी काही सूचना. उंट काढावा. महाबळेश्वर सातारा जिल्ह्याला परत करावं. राजवाड्याखाली राजे कोण होते ते लिहावं. वाचून इथल्या ट्रे उचलणाऱ्या पोरांचीही मान जरा वर होईल. धबधब्याच्या फोटोवर महिना छापावा. स्विचबोर्ड हातभर बाजूला सरकवून तारपावाल्याला त्याची जागा द्यावी. मेनूकार्डात, पनीरच्या बाविसाव्या प्रकाराच्या जागी, नागलीची भाकरी घालावी. न्हाणीघरातली पाटी तेवढी जशीच्या तशी ठेवावी, आणि जमल्यास तिची एक प्रत मुंबईला, आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावायला, पाठवून द्यावी. आपल्याकडे हॉटेलांची पत्रकं लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा एप्रिल महिन्यात जव्हारला येऊन, बाकावर बसून, कुणाच्या तरी डब्यातली भाकरी खावी आणि मग लिहायला घ्यावं. दुसरी आवृत्ती पहिल्यापेक्षा सरस निघेल, याबद्दल प्रस्तुत परीक्षणकर्त्याला शंका नाही.